उपयुक्त संकेतस्थळं आणि माझं प्रमेय

जिल्ह्यातल्या गणिताच्या प्राध्यापकांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे. सकाळी त्यात फुलांची चित्रं येतात, दुपारी निवडणुकीच्या ड्यूटीवरून कुरकुर येते, आणि दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी तोच एक जुना मेसेज नव्या हौसेनं टाकतं: ‘गणितज्ञांसाठी शंभर उपयुक्त संकेतस्थळे. जपून ठेवा, पुढे पाठवा.’ त्याच्याखाली लगेच अंगठ्यांची रांग लागते. ‘खूप छान सर.’ ‘अत्यंत उपयुक्त.’ ह्या अंगठेवाल्यांपैकी एकानं जरी त्यातली पाच संकेतस्थळं उघडून पाहिली असतील, तर अख्ख्या ग्रुपला चहा पाजायला मी तयार आहे. मी पाहिलेली आहेत. निम्मी कधीचीच बंद पडलीत, काही शाळकरी पोरांच्या पाढ्यांची आहेत आणि एक तर चक्क पंचांगाचं आहे.

त्या मेसेजचा मला एवढा राग यायचं कारण साधं आहे. त्यातल्या चार-पाच गोष्टींची मला खरोखर गरज होती, आणि त्या चार-पाच गोष्टींनीच माझा जीव मेटाकुटीला आणला होता.

मी अंबडच्या एका कॉलेजात गणित शिकवते. राहायला जालन्यात. नवरा एमआयडीसीत बियाण्यांच्या प्लँटवर आहे. तो सकाळी मोटारसायकलवर एका दिशेला जातो आणि मी एसटीनं दुसऱ्या. कॉलेजात तीन वर्षांचे वर्ग माझ्याकडं, शिवाय गणित येतं म्हणून वेळापत्रक, हजेरी, निकालाचे टक्के हे सगळं माझ्याच गळ्यात. एकदा स्नेहसंमेलनाच्या खुर्च्या मोजायचं कामसुद्धा माझ्याकडं आलं होतं. का, तर म्हणे मॅडमचं गणित चांगलंय.

ह्यातून जो वेळ उरतो त्यात मी माझं स्वतःचं गणित करते. हे लोकांना समजावून सांगण्याइतकं कंटाळवाणं काम दुसरं नाही. ‘गणित तर सगळं झालेलंच असतं ना मॅडम, पुस्तकात?’ असं मला स्टाफरूममध्ये विचारलेलं आहे, आणि विचारणारा माणूस भौतिकशास्त्राचा होता.

माझा प्रश्न सांगायला सोपा होता. चौकटी-चौकटींची एक जाळी घ्यायची. एका कोपऱ्यातून निघून समोरच्या कोपऱ्यात जायचं. काही वळणं चालतील, काही चालणार नाहीत, आणि आपलीच वाट पुन्हा ओलांडायची नाही. अशा वाटा किती? जाळी लहान असली की बोटावर मोजता येतात. ती वाढवत नेली की आकडे असे फुगतात की कॉम्प्युटरसुद्धा धापा टाकतो. कुठल्याही आकाराच्या जाळीला लागू पडेल असं एक सूत्र मला सापडलं होतं, आणि ते का लागू पडतं ह्याची सिद्धताही मी लिहून काढली होती. एसटीच्या खिडकीशी, परीक्षेच्या पर्यवेक्षणात, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या विसरून, अशी काही वर्षं त्यात गेली.

आता मला फक्त एवढंच कळायला पाहिजे होतं: हे आधी कोणी केलंय का? केलं नसेल तर ते माझं. केलं असेल तर माझी इतकी वर्षं म्हणजे दुसऱ्याच्या कामाची नक्कल, तीही ते काम न बघता केलेली. बढतीचा, पगारवाढीचा ह्यात काही संबंध नव्हता. मला हवं होतं ते असं, की ह्या जगात एक तरी खरं वाक्य असावं जे सगळ्यात आधी मी सिद्ध केलं. असं उघडपणे लिहायला लाज वाटते, पण होतं ते हेच.

विचारणार कोणाला? माझे गाईड निवृत्त होऊन राजूरला आपल्या गावी राहायला गेलेले. त्यांच्या हाताखाली मी पीएच.डी. केली, त्यांनी मला सिद्धता म्हणजे काय ते शिकवलं, पण आता त्यांचे डोळे गेल्यात जमा आहेत. मी एकदा सगळी पानं घेऊन त्यांच्या घरी गेल्ते. त्यांनी भिंग घेतलं, पहिलं पान नाकाला लावून वाचलं, दुसरं अर्धं वाचलं आणि खाली ठेवलं.

‘मला काही दिसून न्हाई राह्यलं गं,’ ते म्हणाले. ‘पण कल्पना बराबर वाटते. तू पुढं जाय.’

तेवढ्या शब्दावर मी पुढं गेले. सरांच्या त्या दीड पानांनंतर ते लिखाण कोणीही वाचलं नव्हतं. आमच्या भागात वाचू शकेल असा माणूसच नव्हता, आणि जे लांब होते त्यांना माझं नावही माहीत नव्हतं. म्हणून मी ह्या संकेतस्थळांच्या नादी लागले.

पहिलं म्हणजे ते ठिकाण, जिथं जगातले गणिती आपले लेख छापून यायच्या आधीच सगळ्यांसाठी ठेवून देतात. फुकट, उघडं, कोणीही वाचावं. एकदा तिथं लेख चढला की तारखेसकट नोंद होते आणि मग कोणी म्हणू शकत नाही की हे तुमचं नाही. मी मोठ्या उत्साहानं खातं उघडलं. तर ते म्हणतं, तुम्ही इथं नवीन आहात, इथं आधीपासून लिहिणाऱ्या कोणाची तरी शिफारस आणा. आता ही माणसं मला ओळखणार कुठून? ओळख व्हावी म्हणून तर मी लेख टाकायला निघाले होते. आमच्याकडं रेशनकार्डाला आधार मागतात आणि आधारला रेशनकार्ड मागतात, तसलाच हा प्रकार, फक्त इंग्रजीत.

मग ते प्रश्नोत्तरांचं ठिकाण. तिथं म्हणे मोठमोठे गणिती स्वतः येऊन उत्तरं देतात. मी रविवारची सकाळ घालवून, इंग्रजी चारदा तपासून, माझा प्रश्न तिथं मांडला. भाजी फोडणीला टाकून परत येईपर्यंत कोणीतरी तो बंद करून टाकला होता. कारण दिलं होतं की हा घरच्या अभ्यासाचा प्रश्न दिसतो, विद्यार्थ्यानं आधी स्वतः प्रयत्न करावा. मला पीएच.डी. मिळून किती वर्षं झाली होती, आणि मला म्हणतात घरचा अभ्यास. त्या दिवशी भाजी खारट झाली आणि नवरा काही बोलला नाही, इतकं माझं तोंड वाईट झालेलं होतं.

जुने लेख शोधावेत तर ते कुलपात. पहिलं पान दिसतं, दुसऱ्याला पैसे मागतात. कॉलेजला सरकारी योजनेतून ई-ग्रंथालयाची सोय आहे, नाही असं नाही. पण त्याचा ओटीपी ग्रंथपालांच्या मोबाईलवर येतो, आणि मला लेख लागेल त्या दिवशी ते हमखास कोणाच्या तरी लग्नात असतात. फोन करावा तर मागं बँड वाजत असतो. ‘मॅडम, काय म्हणल्या? ऐकू न्हाई आलं.’ तोवर ओटीपीची मुदत संपलेली.

मोबाईलमधल्या त्या बोलक्या एआयलाही मी विचारून पाहिलं. त्यानं माझं तोंड भरून कौतुक केलं. म्हणाला, तुमचा निकाल अतिशय सुंदर आहे आणि माझ्या माहितीप्रमाणे पूर्णपणे नवा आहे, अभिनंदन. मी म्हटलं, ह्याच्या जवळपासचं काम कोणी केलंय? त्यानं लगेच तीन लेख सांगितले, लेखकांच्या नावांसकट, पानांच्या आकड्यांसकट. मी ते तीनही शोधत दोन दिवस घालवले. तिन्ही लेख जगात कुठंच नव्हते. त्याला जाऊन सांगितलं तर म्हणतो, क्षमस्व, तुमचं बरोबर आहे. इतक्या निर्लज्जपणे माफी मागणारं मी आयुष्यात दुसरं कोणी पाहिलेलं नाही.

ह्या सगळ्यात माझा विश्वास फक्त एका ठिकाणावर होता. आकड्यांच्या क्रमिकांचा एक मोठा ऑनलाइन कोश आहे. आपल्याकडं आकड्यांची एखादी रांग असेल, म्हणजे सगळ्यात लहान जाळीला इतक्या वाटा, पुढच्या जाळीला इतक्या, त्याच्या पुढच्या जाळीला इतक्या, तर ती रांग स्वल्पविराम देऊन तिथं टाकायची. ती आधी कोणाला कुठं भेटली असेल तर कोश तिचं गाव-आडनाव सांगतो. कोणी पाहिली, कुठल्या लेखात, सूत्र काय. हे खरंच कामाचं आहे, आणि तिथं कोणी मला घरचा अभ्यास करायला सांगत नाही. माझी रांग मी तिथं टाकली तेव्हा उत्तर आलं की काही सापडलं नाही.

ते उत्तर वाचून मला इतकं बरं वाटलं की मी उठून चहा केला. त्यानंतर दर एक-दोन महिन्यांनी मी फाईल उघडायची, रांग तिथून उचलून कोशात चिकटवायची आणि ‘सापडलं नाही’ वाचून पुन्हा कामाला लागायची. कोणी देवदर्शनाला जातं, मी तिकडं जायची.

त्या रांगेबद्दल एक गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माझ्या रांगेतला पहिला आकडा एक होता. तो शून्य आकाराच्या जाळीचा. जाळीच नाही, तर वाटा किती? गणितात आम्ही म्हणतो, एक. नवऱ्याला हे एकदा जेवताना सांगितलं तर त्याचा घास हातातच राहिला.

‘जाळीच न्हाई, मंग वाट कुठून आली?’

‘काहीच न करण्याची एक वाट असते ना. जिथं आहे तिथंच राहायचं.’

‘म्हंजे काहीच न करणं हे एक काम?’

‘गणितात धरतात तसं. सूत्र त्यानं स्वच्छ बसतं.’

‘आमच्या प्लँटमधी मी असं मोजलं,’ तो म्हणाला, ‘तर सायेब मला कायमचं तेच काम देतील.’

आणि पुढं आठवडाभर, मी कधी नुसती बसलेली दिसले की विचारायचा, वाट चालून राह्यली का? मी दुर्लक्ष केलं. रिकाम्याला एक धरायची आमची सवय आहे, आणि माझं सूत्र त्या एकासकट इतकं देखणं दिसायचं की तो काढायची कल्पनाही माझ्या मनात आली नाही.

शेवटी शिफारशीचं जमलं. पुण्यातल्या एका प्राध्यापकांना मी तिसऱ्यांदा ई-मेल केला तेव्हा त्यांचं चार ओळींचं उत्तर आलं. आधीचं काम नीट धुंडाळलं असेल तर महिनाअखेरीपर्यंत अंतिम प्रत पाठवा, मी शिफारस करतो. मी ते उत्तर सरांना फोनवर वाचून दाखवलं. सर म्हणाले, ‘जल्दी कर मंग. आता कशाला थांबून राह्यली?’

थांबले ते कॉलेजमुळं. आमच्या मूल्यांकनाला समिती येणार होती, आणि समिती येणार म्हटलं की कॉलेजात एकाएकी कार्यशाळांचं पीक येतं. ह्या मूल्यांकनाचे समन्वयक वाणिज्य शाखेचे. ते मला जिन्यातच गाठून म्हणाले, ‘मॅडम, तुम्ही दिवसभर त्या वेबसाईटींवर असता. एक कार्यशाळा घेऊन टाका.’

‘सर, ह्या महिन्यात मला बिलकुल वेळ नाही. माझा लेख पाठवायचाय.’

‘दोन तासांचं काम आहे. कशाला टेन्शन घेता? फोटो झाले की बस.’

विषयही त्यांनीच ठरवला. ग्रुपवरचा तो मेसेज त्यांच्या मोबाईलवरही पोहोचला होता. दुसऱ्या दिवशी फाटकावर फलक लागला: ‘गणितज्ञांसाठी उपयुक्त ऑनलाइन साधने, एकदिवसीय कार्यशाळा’, शेजारी माझ्या ओळखपत्रावरचा फोटो, ज्यात मी कोणाला तरी दम देत असल्यासारखी दिसते. मला फलकाकडं बघवेना. नवऱ्याला फोटो पाठवला तर तो म्हणाला, बराबर आलाय की, अशीच दिसतेस.

कार्यशाळेच्या दिवशी सभागृह भरलेलं होतं. गणिताचे आजूबाजूच्या कॉलेजांतले आठ-दहा जण, बाकी भरती. हिंदीच्या मॅडम, प्राणिशास्त्राच्या मॅडम, क्रीडा संचालक, दोन कारकून. खुर्च्या रिकाम्या दिसल्या तर फोटो वाईट येतो. प्राचार्य पहिल्या रांगेत बसले. दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक ह्यात पाऊण तास गेला आणि मग प्रोजेक्टर सुरू केला तर पडद्यावर नुसता निळा रंग. कोणीतरी वायर हलवली, चित्र आलं, तर नेट गेलं. समन्वयक म्हणाले, थांबा, आणि स्वतःच्या मोबाईलचं नेट माझ्या लॅपटॉपला जोडून दिलं. म्हणजे कॉलेजच्या लॅपटॉपला. माझ्या फायलींचा पेन ड्राईव्ह त्यात घातला तर तो व्हायरस म्हणून ओरडला. मी पेन ड्राईव्ह काढून पर्समध्ये टाकला आणि जे डोक्यात होतं त्यावर बोलायला लागले.

लेख ठेवायचं ते ठिकाण दाखवलं. मागून विचारलं गेलं, ‘इथं टाकलं की छापल्यासारखं धरतात का?’ मी म्हटलं, नाही. ‘मंग बढतीचे गुण न्हाई मिळत?’ नाही मिळत. त्याबरोबर तीन जणांनी वह्या मिटल्या. प्रश्नोत्तरांचं ठिकाण दाखवलं तेव्हा क्रीडा संचालकांना डुलकी लागली होती. मला राग येत होता, पण दोन तासांचं काम आहे, ओढून न्यायचं, असं मी मनाशी म्हणत होते.

क्रमिकांचा कोश मी शेवटी ठेवला होता. आधी सगळ्यांना माहीत असलेली एक साधी रांग टाकली, कोशानं लगेच तिची सगळी कुंडली काढून दिली. लोक जरा सरसावून बसले. मग मी म्हटलं, ‘आता कोशात नसलेली रांग टाकली तर काय होतं तेही बघा.’

हे काही कार्यशाळेत दाखवायची गरज नव्हती. मला दाखवायचं होतं. जी गोष्ट मी इतकी वर्षं एकटी बघत आले ती ह्या लोकांनी एकदा तरी मोठ्या पडद्यावर बघावी, असं मला वाटलं. त्यांना कळलं नसतं तरी चाललं असतं. पुढच्या आठवड्यात लेख पुण्याला जाणारच होता.

फाईल जवळ नव्हती, पण ते आकडे मला तोंडपाठ होते. मी पहिला एक टंकायला लागले, तेवढ्यात समन्वयक खिडकीतून मोबाईल उंच धरून म्हणाले, ‘मॅडम, जल्दी करा. माझा डेटा संपून राह्यला. एक-बिक कशाला, डायरेक मोठे आकडे टाका ना.’

मला असा वैताग आला की मी तो एक पुसला आणि दुसऱ्या आकड्यापासून सुरू केलं. पडद्यावरचं चक्र फिरत होतं. मी तोवर माईकवर बोलतही होते, ‘आता इथं येईल की काही सापडलं नाही.’

आणि पान उघडलं.

आधी मला वाटलं, माझीच काहीतरी टंकायची चूक झाली. मी पडद्याजवळ जाऊन एकेक आकडा बघितला. सगळे माझे. मी ज्यांच्यापर्यंत हातानं पोहोचले होते ते, कॉम्प्युटर रात्रभर चालवून काढले होते ते, आणि त्याच्याही पुढचे. रांगेच्या सुरुवातीला, जिथं मी एक धरत होते, तिथं शून्य होतं. जाळी नाही तर वाट नाही, असं ती रांग काढणाऱ्या माणसानं धरलं होतं. माझ्या एका एकामुळं कोश मला दर वेळी नाही म्हणत आला होता. खाली सूत्र. अक्षरं निराळी, बाकी माझंच. त्याखाली ज्यानं सिद्ध केलं त्याचं नाव आणि लेखाचं साल. मी तेव्हा शाळेत होते.

सभागृहात टाळ्या वाजल्या.

आधी समन्वयकांनी वाजवल्या, मग प्राचार्यांनी, मग सगळ्यांनी. ‘बघा,’ समन्वयक म्हणाले, ‘मॅडम म्हणल्या सापडणार न्हाई, तरी सापडलं.’ प्राचार्य मागं वळून सगळ्यांना म्हणाले की याला म्हणतात उपयुक्त साधन. क्रीडा संचालक जागे होऊन टाळ्या वाजवत होते. मला त्या माईकची वायर उपसून काढावीशी वाटली. पण मी बोलत राहिले. काय बोलत होते ते मला अजून ऐकू येतं. इथं सूत्र असतं. इथं संदर्भ असतो. इथं ज्यानं सगळ्यात आधी केलं त्याचं नाव असतं.

प्राणिशास्त्राच्या मॅडमनी विचारलं, ‘शोधायचं कसं, ह्याच्या काही सूचना असतील ना?’ होत्या. मी ते पान इतक्या वर्षांत कधी उघडलेलं नव्हतं, कारण आकडे टाकायला सूचना कशाला लागतात? उघडलं. तिथं लिहिलं होतं की शोधताना पहिले एक-दोन आकडे सोडून द्या, कारण रांग कुठून सुरू करायची ह्यावर माणसांचं एकमत नसतं. मी ते मोठ्यानं वाचून मराठीत सांगितलं. मॅडमनी वहीत उतरवून घेतलं.

नंतर शाल आली, नारळ आला, गुच्छ आला, फोटो झाला. त्या फोटोत मी हसते आहे. मला स्वतःचीच कमाल वाटते, की तिथं उभी राहून मी आभारप्रदर्शनसुद्धा पूर्ण ऐकलं.

स्टँडवर आले तर जालन्याची गाडी नुकतीच गेलेली. बाहेर रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती, अंकुशनगरच्या कारखान्याकडं निघालेली, आणि त्यामुळं पुढची गाडी कधी येईल ते सांगायला कोणी तयार नव्हतं. मी बाकावर बसले, नारळ मांडीवर, आणि मोबाईलवर तो लेख उघडला. पहिलं पान दिसलं, पुढचं कुलपात. पण पहिल्या पानावरच प्रमेय लिहिलेलं होतं. मी ते वाचलं. शंकेला कुठं जागा राहिली असती तर बरं झालं असतं.

मी पुण्याच्या प्राध्यापकांना तिथूनच लिहून टाकलं: हा निकाल आधीच सिद्ध झालेला आहे, संदर्भ सोबत देत आहे, आपल्याला तसदी दिल्याबद्दल क्षमस्व. दोन ओळी. नवऱ्याला काही कळवलं नाही. त्या रिकाम्या वाटेवरून तो एक अक्षर जरी बोलला असता तर मी घरी गेले नसते. मग सरांना फोन लावला. मागं देवळाचा भोंगा चालू होता, चतुर्थी असावी, सरांनी दार लावून घेतल्याचा आवाज आला.

‘सर, सापडलं,’ मी म्हटलं.

‘काय सापडलं?’

‘माझं सूत्र. आधीच कोणीतरी केलेलं आहे. कोशात आहे.’

सर म्हणाले, ‘तेच सूत्र?’

‘तेच.’

‘बिलकुल तेच? कुठं काही फरक?’

‘अक्षरं वेगळी, सर. शून्याला तो शून्य धरतो, मी एक. बाकी काडीचा फरक नाही.’

‘म्हंजे बराबर होतं तुझं,’ सर म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की तो मला भोंग्यातूनही ऐकू आला.

मला वाटलं, सरांना मी काय सांगितलं ते समजलंच नाही. मी जरा तडकूनच म्हटलं, ‘सर, मी काय सांगून राह्यले?’

‘समजलं गं मला. तू माझं ऐक. तू ती पानं घेऊन आल्ती, मी दीड पान वाचलं आन् तुला म्हणलं, पुढं जाय. माझ्या शब्दावर तू इतकी वर्षं घातली. आन् मला तर काही दिसलंच नव्हतं. मी रोज म्हणायचो, पोरीचं कुठं चुकलं असंल तर? कोणी वाचणारं न्हाई, मी आंधळा. पुण्याच्या लोकांनी चूक काढली असती तर मी तुला तोंड काय दाखवलं असतं? आता त्या माणसानं सांगितलं की बराबर आहे. आज मला झोप लागंल.’

मला राग आला. सर त्यांच्या झोपेचं बोलत होते आणि माझं सगळं गेलं होतं. शेजारच्या बाकावरची बाई माझ्या नारळाकडं बघत होती. एक ट्रॅक्टर फाटकापाशी अडला होता आणि मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

‘बराबर असून काय करू सर?’ मी म्हटलं. ‘ते माझं न्हाई ना राह्यलं.’

आता सर म्हणतील की तू स्वतः शोधलंस म्हणजे ते तुझंच, की ज्ञान वाया जात नाही, की पुढचा प्रश्न घे. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती, एकेक खोडून काढायला.

‘न्हाई,’ सर म्हणाले. ‘तुझं न्हाई राह्यलं.’

ते एवढंच म्हणाले आणि फोन तसाच धरून बसले. सकाळपासून लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, हात जोडले होते, फोटोत हसायला लावलं होतं. माझं काही गेलं आहे असं म्हणणारा हा पहिला माणूस होता. मग मात्र मला रडू आवरेना. स्टँडवर, सगळ्यांच्या देखत, मी पदरात तोंड घालून रडले आणि सरांनी फोन ठेवला नाही.